सत्काराला उत्तर

“हे मी कवा बोलले?”

समोर उभ्या असलेल्या बाईंनी सोमवारचा पेपर माझ्या टेबलावर पसरला आणि पाचव्या पानाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा. आमच्या कचेरीत त्या वेळी मी, निवासी संपादक देवणीकर आणि छताचा पंखा एवढेच होतो. तिघांपैकी चालू होता तो फक्त पंखा.

“आपण?” मी विचारलं.

“अनुसया ढगे. टाकळी झोलेची अंगणवाडीची बाई. सत्कार झाला ती.”

मी बातमीवर नजर टाकली. वाचायची गरज नव्हती, मीच लिहिली होती. ‘टाकळी झोले येथे अंगणवाडी सेविकेचा सत्कार उत्साहात संपन्न.’ बाईंचं बोट शेवटच्या परिच्छेदावर होतं: ‘सत्काराला उत्तर देताना अनुसयाबाई ढगे भावविवश झाल्या. या सुसज्ज इमारतीत चिमुकल्यांचे हसू ऐकताना बावीस वर्षांच्या सेवेचे चीज झाले. मा. सरपंच अण्णासाहेब गव्हाणे यांनी आम्हाला नुसते छप्पर नव्हे, तर आभाळ दिले, असे उद्गार त्यांनी काढताच उपस्थितांचे डोळे पाणावले.’

“चांगलं आहे की,” मी म्हणालो. माझी पहिली प्रतिक्रिया ही होती, एवढी नोंद करून ठेवतो.

“चांगलं हाय,” बाई म्हणाल्या. “पण मी बोललेच नाही. मी बोलायला उठले, तर सरपंचांनी माईक हातात घेतला अन् राष्ट्रगीत सुरू केलं. राष्ट्रगीत चालू असताना बोलता येतं का?”

“नाही.”

“मग उभी राहिले. संपलं की लोक चहाला गेले.”

इथे आमची कामाची पद्धत सांगायला हवी. जिल्ह्यात स्वतःला पहिल्या क्रमांकाचे म्हणवणारे सात पेपर होते. आमचा विनम्र होता. आम्ही दुसऱ्या क्रमांकाचे. तालुक्याच्या पानाचं काम दुपारी दोनला संपायचं आणि गावोगावचे कार्यक्रम चारला ठरून सहाला सुरू व्हायचे. त्यामुळे कार्यक्रमाची प्रेस नोट आदल्या दिवशीच एसटीने येई, आणि ती भूतकाळात लिहिलेली असे. मान्यवरांनी मार्गदर्शन केलेलं असे, आभार मानून झालेले असत, टाळ्यांचा कडकडाट होऊन गेलेला असे. आम्ही तो कडकडाट दुपारी दोनच्या आत लावून टाकत असू. मी लागल्यापासूनच्या वर्षभरात एकाही वक्त्याने तक्रार केली नव्हती. आपण काय बोललो हे त्यांना आमच्याकडूनच कळे आणि ते बहुधा त्यांना पसंत पडे.

टाकळी झोलेच्या नोटेत शेवटची ओळ एवढीच होती: ‘सत्कारमूर्तींनी सत्काराला उत्तर दिले.’ काय उत्तर दिलं ते नव्हतं. पानावर आठ ओळींची जागा उरली होती. ती मी भरली. रविवारी दुपारी बारा वाजता, डबा उघडण्याआधी. आणि ‘आभाळ’ सुचलं तेव्हा मी पेन खाली ठेवून स्वतःवर खूश होऊन दोन मिनिटं खिडकीबाहेर पाहिलं होतं.

खूश होण्यासारखं त्याआधी फारसं काही घडलं नव्हतं. ही माझी चौथी नोकरी. पहिली पाणी शुद्ध करायचं यंत्र दारोदार विकण्याची. आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येई. प्रात्यक्षिकासाठी बादलीभर पाणी मागितलं की बायका दार लावून घेत. दुसरी संगणक वर्गात समुपदेशकाची. वर्गात संगणक तीन, चालू एक, आणि त्याला हात लावायची परवानगी शेवटच्या महिन्यात. तिसरी मंगल कार्यालयात व्यवस्थापकाची. पहिली पंगत वरपक्षाची बसवायची, एवढंच डोकं लागणारं काम होतं. एका लग्नात मी वधूपक्षाची बसवली. चौथी ही. एसटीत कंडक्टर असलेल्या बाबांनी देवणीकरांच्या गावच्या कुणाला तरी गाठून मिळवून दिलेली. “प्रल्हाद, आता इथून हलू नको,” बाबा म्हणाले होते. “माझ्या ओळखी संपल्या.”

“बाई, छापलं गेलं ते गेलं,” मी म्हणालो. “तुमचं कौतुकच आहे त्यात.”

“कौतुक नको मला. गुरुवारी सुनावणी हाय.” त्या खुर्चीत बसल्या, न सांगता. “त्या इमारतीचा स्लॅब पडायलाय. दोन वर्षं झाली बांधून, अन् तुकडे पडायलेत. लेकरांच्या अंगावर येतील. मी सहा अर्ज केले. आता कुठं गटविकास अधिकाऱ्यांनी गुरुवारी बोलावलं. अन् काल सरपंच दारात येऊन म्हणाले, बाई, तुमचं भाषण कापून ठेवलंय, साहेबाला दाखवतो. धोकादायक म्हणता अन् आभाळ दिलं म्हणता, दोन्ही कसं?”

“ठेकेदार कोण होता?”

“सरपंचांचा मेहुणा. दुसरं कोण राहतं?”

सत्कार कशासाठी होता, ते आता माझ्याही ध्यानात आलं. बावीस वर्षं हा काही सत्काराचा आकडा नव्हे. पंचवीस असतो.

मी त्यांना घेऊन देवणीकरांच्या काचेच्या खोलीत गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, “बाई, बातमीत तुमची बदनामी झालीय का?”

“नाही.”

“नाव चुकलंय? आडनाव?”

“नाही.”

“मग खुलासा कशाचा छापू? ‘अनुसयाबाई चांगलं बोलल्या नाहीत’ असा?” ते माझ्याकडे वळले. “सरपंच आपल्याला वर्षातून तीनदा अर्धं पान जाहिरात देतात. वाढदिवस, दिवाळी आणि नेत्याचा वाढदिवस. तुला माहीत आहे ना?”

मला माहीत होतं. त्या तिन्ही मजकुरांतली विशेषणं मीच पुरवत होतो.

बाहेर आल्यावर जिन्यात बाई म्हणाल्या, “मग तुम्ही या गुरुवारी. हे मी लिहिलं म्हणून सांगा, बास. एक वाक्य.”

“बाई, माझी नोकरी आहे.”

“माझी पण हाय,” त्या म्हणाल्या. “मी त्या स्लॅबखाली करते.”

मी जिना चढून परत टेबलाशी गेलो आणि दुसऱ्या दिवशीचं पान भरायला घेतलं.

गुरुवारी मी पंचायत समितीत गेलो, पण बाईंसाठी नाही. देवणीकरांनीच पाठवलं. “जाऊन बस. सरपंचांना बरं वाटेल, पेपरचं माणूस आलंय म्हणून. ‘सुनावणी खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली’ एवढं आण. हवं तर आत्ताच लिहून टाक.” मी लिहून टाकलं. अकराच्या सुनावणीला मी साडेदहाला तिची तयार बातमी खिशात घेऊन पोचलो.

गटविकास अधिकारी कुलथे साहेब नुकतेच बदलून आलेले होते. समोर एका बाजूला बाई. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या कपड्यांतले अण्णासाहेब आणि गावचा ग्रामसेवक. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी भिंतीवरचा तालुक्याचा नकाशा अभ्यासायला घेतला.

साहेबांनी कात्रण मोठ्याने वाचलं. “‘नुसते छप्पर नव्हे, तर आभाळ दिले.’ वा. बाई, भाषा फार सुंदर आहे तुमची.”

“ती माझी नाही, साहेब. मी बोललेच नाही.”

“बाई, आता काय म्हणावं?” अण्णासाहेब दुखावल्या आवाजात म्हणाले. “दोनशे माणूस होतं तिथं. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या होतं.”

“चहाच्या धुरानं आलं असंल.”

“अशा बोलण्यात हुशार हायेत बघा साहेब. त्या दिवशी बी बोलल्या अन् आता फिरल्या.”

साहेबांनी कात्रण पुन्हा पाहिलं. “पण उपमा साधी नाही ही. छप्पर आणि आभाळ. अशी सहज सुचत नाही कुणाला.”

“आता तुम्ही म्हणताच आहात तर सांगतो,” अण्णासाहेब संकोचून हसले. “आभाळ हा शब्द मीच सुचवला त्यांना. कार्यक्रमाच्या आधी. मला कवितेचा जरा नाद हाय पहिल्यापासून.”

पुढे अनेकांनी मला विचारलं की त्या दिवशी सत्यासाठी उभं राहायचं बळ कुठून आलं. नव्या मुलांसमोर व्याख्यान द्यायला बोलावतात, तिथे तर हा प्रश्न ठरलेलाच असतो. खरं उत्तर दिलं की आयोजक अस्वस्थ होतात. बाईंसाठी मी उठलो नाही. लेकरांसाठीही नाही. स्लॅब पडणार होता, तो मंगळवारपासून पडणार होता आणि मी नकाशा बघत होतो. पण हा माणूस माझा शब्द ढापत होता.

“तो शब्द माझा आहे,” मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले.

“आपण कोण?” साहेबांनी विचारलं.

“प्रल्हाद कंधारकर. या पेपरचा उपसंपादक. हा परिच्छेद मी लिहिलाय. पूर्ण. छप्पर, आभाळ, डोळे पाणावणं, सगळं.”

“तुम्ही कार्यक्रमाला होता?”

“नाही.”

“मग बाई काय बोलल्या हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. मी दुपारी बाराला लिहिलं. कार्यक्रम चारचा होता.”

“सहाला सुरू झाला,” बाई म्हणाल्या. अशा बाबतीत त्या नेमक्या होत्या.

“साहेब, हे पोरगं विकलं गेलंय!” अण्णासाहेब उठले. “होण्याआधीच कुणी बातमी लिहितं का?”

“अण्णा, तुमच्या सहीची नोट शनिवारच्या गाडीने आली. ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला’ असं तुम्हीच लिहिलंय. कचेरीत तारखेच्या शिक्क्यासकट आहे.”

कुलथे साहेबांनी टेबलावर हात आपटला. “म्हणजे तुम्ही लोक न बघता, न ऐकता काहीही छापता? लाज नाही वाटत?”

“पद्धत आहे, साहेब. परवाची आपली आढावा बैठकही मी आदल्या दिवशी लिहिली. ‘कामचुकारांची गय केली जाणार नाही, असे त्यांनी ठणकावले.’”

ग्रामसेवक बुटांकडे पाहू लागला. ती बैठक झालीच नव्हती. साहेब त्या दिवशी मेहुण्याच्या वास्तुशांतीला गेले होते. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, पण बाकी सगळ्यांना होतं.

साहेब उठले. “जागेवर जाऊन बघू,” ते म्हणाले. “जीप काढा.”

ते काही न्यायबुद्धीने उठले असतील असं मी म्हणणार नाही. त्या खोलीत बसून राहणं त्यांना अवघड झालं होतं.

टाकळी झोलेची अंगणवाडी म्हणजे एकच खोली, बाहेरून गुलाबी, भिंतीवर हसणारा ससा. आत मुलं एका अर्ध्या भागात दाटीने बसली होती. दुसरा अर्धा भाग रिकामा. दोन्हींच्या मध्ये फरशीवर खडूची जाड रेघ.

साहेब रेघ ओलांडून पुढे निघाले, तशी एक चिमुरडी ओरडली, “ओ, तिकडं जायचं नसतं! तिकडं वरून पडतं!”

साहेब मागे आले. सगळ्यांनी वर पाहिलं. स्लॅबचा गिलावा निघालेला, आतल्या गंजलेल्या सळया उघड्या.

“पंचनामा करावा लागेल,” साहेब म्हणाले. “लिपिक रजेवर आहे. ग्रामसेवक नको, त्याचाच कारभार आहे.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला लिहायची फार हौस आहे ना? लिहा. पण या वेळी समोर बघून.”

मी दाराशी बसलो आणि सुरुवात केली. ‘मृत्यूच्या छायेत भेदरलेले निष्पाप चिमुकले जीव मुठीत धरून…’

बाई मागून वाचत होत्या. “हे कोण?”

“ही मुलं.”

“ही भेदरलीत?”

मी पाहिलं. एक मुलगा दुसऱ्याच्या कानात काडी घालत होता.

“जीव मुठीत धरून नाही बसलेत ते. खिचडीची वाट बघत बसलेत,” बाई म्हणाल्या. “किती हायेत ते लिही की.”

“पटावर किती आहेत?”

“पटावरचं कशाला? समोर हायेत. मोज.”

मी मोजली. तेवीस. ती ओळ खोडून मी लिहिलं, ‘खोलीत तेवीस मुले आहेत. ती दाराकडील अर्ध्या भागात बसली आहेत.’

“पुढं?”

“भयानक तडा गेला आहे…”

“भयानक म्हणजे किती?”

मुलांची उंची मोजायची टेप त्यांनी माझ्या हातात दिली. मी स्टुलावर चढलो. तडा सात फूट चार इंच लांब. उघड्या सळया अकरा. मी एकेक आकडा सांगत होतो, खाली उतरून लिहीत होतो, पुन्हा चढत होतो. चार नोकऱ्यांत मिळून माझं एवढं लक्ष कधी लागलं नव्हतं. दाराबाहेर उभ्या साहेबांना ऊन लागत होतं, अण्णासाहेब फोन शोधत होते, आणि मला मात्र दोन सळयांमधलं अंतर हवं होतं.

“पडलेले तुकडे बाईंनीच बाहेरून आणलेत, साहेब,” अण्णासाहेब म्हणाले.

बाईंनी कोपऱ्यातलं खोकं ओढलं. त्यात तुकडे होते, प्रत्येक वेगळ्या पेपरात बांधलेला. “ज्या दिवशी पडला, त्या दिवशीच्या पेपरात बांधला. हॉटेलातून मागून आणते.” मग मला विचारलं, “तारीख तरी खरी छापता ना?”

“तारीख खरी असते,” मी म्हणालो. आमच्या पेपरबद्दल एवढं तरी छातीठोकपणे सांगता आलं.

“मग हे पण वजन करून घे.”

अंगणवाडीत तान्ह्या पोरांना तोलायचा टांगता काटा असतो, खाली कापडाची झोळी. बाईंनी झोळीत सर्वांत मोठा तुकडा ठेवला. झोळी एका बाजूला कलली. काटा स्थिर व्हायची आम्ही वाट पाहिली. तीन किलो दोनशे ग्रॅम. त्यांनी सवयीने वजनाची वही उघडली. त्या पानावर वरची नोंद होती: शालू गव्हाणे, वय दोन महिने, तीन किलो नऊशे.

अण्णासाहेबांनी ते नाव वाचलं. ती त्यांच्या भावाची नात.

पंचनामा दोन पानांचा झाला. पंचांसमोर वाचून दाखवावा लागतो. मी उभा राहून वाचला. खोलीची लांबी, रुंदी, तडा, सळया, आठ तुकडे, आठ तारखा, आठ वजनं, तेवीस मुलं. त्यात कुणी गहिवरलं नव्हतं, कुणी ठणकावलं नव्हतं. दारात गावातली माणसं जमली होती. जे रविवारी बोलले नव्हते ते अजूनही बोलत नव्हते, पण आता वर बघत होते.

“सरपंच, काही हरकत?” साहेबांनी विचारलं.

अण्णासाहेबांनी कागद हातात घेतला. सावकाश वाचला. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. चुकीचा शब्द शोधत होते. “ह्याच्यात…” ते म्हणाले आणि थांबले. “ह्याच्यात भांडायला काही ठेवलंच नाही.”

मला नंतर दोन पुरस्कार मिळाले. दोन्ही मानपत्रं कुणीतरी आदल्या दिवशी लिहिलेली होती. त्यांतलं एक वाक्यही आज आठवत नाही. अण्णासाहेबांचं हे आठवतं.

नोकरी गेली, अर्थातच. दुसऱ्याच दिवशी. देवणीकर चिडले नाहीत, “तुझ्यासारख्या कल्पक माणसाने असं करावं?” एवढंच म्हणाले. आमच्या पेपरात पंचनाम्याची ओळही आली नाही, सुनावणी मात्र खेळीमेळीत पार पडली. माझ्या खिशातल्या मजकुराची दुसरी प्रत त्यांनी ठेवून घेतली होती. बाबा आठ दिवस बोलले नाहीत. दीड महिन्याने दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका पेपरात मी बातमीदार म्हणून लागलो, कुणाच्याही ओळखीशिवाय, आणि त्याला आता चोवीस वर्षं झाली. पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी टाकळी झोलेत अजून एक गोष्ट व्हायची होती.

“दुरुस्ती होईपर्यंत ही मुलं इथे बसणार नाहीत,” साहेब म्हणाले. “गावात पक्की खोली कुठली?”

“ग्रामपंचायतीचं ऑफिस,” बाई लगेच म्हणाल्या.

“माझं ऑफिस?” अण्णासाहेब म्हणाले.

“का? तिथला स्लॅब चांगला आहे ना?” साहेबांनी विचारलं.

“तिथला चांगला हाय,” अण्णासाहेब म्हणाले. “तो दुसऱ्या ठेकेदाराचा हाय.”

ते बोलून गेल्यावर त्यांना कळलं. ग्रामसेवकाला आधीच कळलं होतं. साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“हेही पंचनाम्यात घ्या,” ते म्हणाले.

मी पान उलटलं आणि सरपंच जे बोलले ते लिहून घेतलं. जसंच्या तसं, आणि ते बोलून झाल्यानंतर.